राखेचा बुधवार आणि पंधरा तारीख

जुन्या चर्चपत्रांचा मला फार दिवसांचा नाद. मजकुराआधी मी तारीख बघतो. आगमनकाळाचं पत्रक, उपवासकाळाचं, पुनरुत्थानाच्या सणाचं, असं ऋतुमानाने मंडळीला पत्र धाडायचं ही अँग्लिकन घरची रीत. अहमदनगरात मात्र छापील अक्षर आधी पोचवलं ते अमेरिकन मिशनने, आणि त्या घराण्यात सणवारांचं फारसं कौतुक नव्हतं.

१८३१ साली ग्रेव्ह्ज, हर्वी, रीड हे त्या मिशनचे मिशनरी नगरला आले. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांच्या परंपरेतले. त्या प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. कायदा १६८१ पर्यंत टिकला. पुढे कडवेपणा ओसरला, तरी उपवासकाळ, आगमनकाळ यांच्या वेळापत्रकावर वर्ष चालवणं काही त्यांच्या अंगवळणी पडलं नाही. जून १८४२ मध्ये नगरहून मिशनचा ‘ज्ञानोदय’ निघाला. आधी मासिक, मग पाक्षिक. त्याची तिथी म्हणजे महिन्याची पहिली आणि पंधरावी. बस्स.

याचं काय एवढं? १८५५ चे अंक बघा. तोवर ‘ज्ञानोदय’ मुंबईला गेलेला. १५ फेब्रुवारीच्या अंकात मुक्ता साळवेचा निबंध सुरू होतो. पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मांग मुलगी. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली आपली माणसं ती सांगते; बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे सांगते; आणि आमचा धर्म कोणता, असं थेट देवालाच विचारते. उरलेला निबंध १ मार्चला आला.

मधे २१ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, होता; त्या साली ईस्टर ८ एप्रिलला. पत्र अँग्लिकन असतं तर मार्चच्या अंकात उपास आणि पश्चात्तापावरची प्रवचनं भरली असती, आणि मुक्ताचा उत्तरार्ध ‘जागेअभावी’ लांबला असता, असं आपलं मला वाटतं. खरं तर उपवासकाळात वाचायला याहून जळजळीत मजकूर कुठला पाळक देणार होता? मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तारखेला अंक काढायच्या त्यांच्या शिस्तीने तो निबंध पंधरवड्यात पुरा छापून मोकळा झाला.

अँग्लिकनही नगरात रुजले. त्यांचे मिशनरी जॅक विन्स्लो पहिल्या महायुद्धाच्या काळात इथल्या शाळेत होते. ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू तेव्हा कवी नारायण वामन टिळक सांभाळत होते. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं इंग्रजी चरित्र १९२३ साली लिहिलं ते या विन्स्लोंनी. दुसऱ्या, म्हणजे अँग्लिकन पंगतीतल्या माणसाने! त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी नगरमध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला होता. पुढे १९२७ साली त्याचं बिऱ्हाड पुण्याला हललं.

दोन्ही पंगती एकत्र बसल्या त्या नागपूरला, उत्तर भारताच्या मंडळीच्या स्थापनेत, २९ नोव्हेंबर १९७० ला. सवयीने ती तारीखही मी पंचांगात शोधली. आगमनकाळाचा पहिला रविवार निघाला. म्हणजे एकत्र यायला मुहूर्त अँग्लिकनांच्या वर्षारंभाचा, आणि प्युरिटनांच्या वारसांनी तो बिनतक्रार मान्य केला.