मुलांचे सपाट तळवे : काळजी कधी करावी, कधी नको?

जूनमध्ये शाळेचे बूट घेताना अनेक पालकांच्या लक्षात येते, की मुलाचा तळवा जमिनीला पूर्ण टेकतो, मध्ये खळगाच नाही. मग महागडे ‘कमान घडवणारे’ बूट घ्यावेत का, असा प्रश्न पडतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे.

तळवा सपाट का दिसतो?

प्रौढांच्या एका पावलात 26 हाडे असतात. जन्मतः यातला बराच भाग मऊ कूर्चेचा असतो आणि तळव्याखाली चरबीची गादी असते. अस्थिबंधही सैल असतात. त्यामुळे लहान मुलांचे तळवे सपाट दिसणे स्वाभाविक आहे. कमान हळूहळू तयार होते आणि साधारण 10 वर्षांपर्यंत ती स्पष्ट दिसू लागते. काहींचे तळवे मोठेपणीही सपाट राहतात, पण दुखत नसतील तर उपचारांची गरज नसते.

घरी कसे ओळखावे?

मुलाला चवड्यांवर उभे करा आणि मागून पाहा. टाचा उचलल्यावर कमान दिसली, तर तो लवचिक सपाट तळवा असतो. त्यात सहसा काळजीचे कारण नसते.

खास बुटांनी फरक पडतो का?

अमेरिकेत 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवचिक सपाट तळवे असलेल्या मुलांना किमान 3 वर्षे खास बूट किंवा बुटात घालायचे आधार दिले गेले. उपचार न घेतलेल्या मुलांपेक्षा त्यांच्यात वेगळी सुधारणा दिसली नाही.

भारतातला अभ्यासही लक्षात घेण्यासारखा आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्या 8.6 टक्के मुलांचे, तर अनवाणी वावरणाऱ्या 2.8 टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले. म्हणून मुलांना रस्त्यावर अनवाणी पाठवावे असे नाही. पण घरात बूट-चपलांची सक्ती नको.

बूट कसे निवडावेत?

‘वर्षभर पुरतील’ म्हणून फार मोठे बूट घेतले, तर पाय आत घसरतो आणि मूल अडखळते. घट्ट बुटांनी भोवऱ्या होतात, नखे मांसात रुततात. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटिमीटर जागा असावी. बुटातली गादी बाहेर काढून मुलाला तिच्यावर उभे केले, की ही जागा नेमकी कळते. दोन्ही पावले मोजा आणि मोठ्या पावलाच्या मापाने बूट घ्या. शाळकरी मुलांचे माप दर 4 ते 6 महिन्यांनी, तर लहानग्यांचे त्याहून लवकर तपासावे.

पावसाळ्यात ओले मोजे लगेच बदलावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल, तळवा ताठ असेल, एकच पाऊल सपाट असेल किंवा 3 वर्षांनंतरही मूल सतत चवड्यांवरच चालत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘मोठेपणी होईल ठीक’ असे म्हणून थांबू नये.