टाकीतील तेलावर तापणारी घरे

उत्तर आयर्लंडमध्ये हिवाळ्याची चाहूल लागली की अनेक कुटुंबांचे लक्ष अंगणातील तेलाच्या टाकीकडे वळते. २०१६ च्या गृहस्थिती पाहणीनुसार तेथील ६८ टक्के घरे तेल जाळून उबदार ठेवली जात होती. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण क्वचितच आढळते.

याचे कारण इतिहासात आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या काळात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघरी पोहोचला. उत्तर आयर्लंड मात्र त्या योजनेबाहेर राहिले. कोळशापासून वायू तयार करण्याचा तेथील जुना उद्योग १९८० च्या दशकात बंद पडला आणि स्कॉटलंडहून समुद्राखालून टाकलेल्या वाहिनीने नैसर्गिक वायू आला तो १९९६ मध्ये. तोपर्यंत अनेक घरांत टाक्या बसल्या होत्या. ग्रेट ब्रिटनच्या ग्रामीण भागातही वायूवाहिनी न पोहोचलेल्या अनेक घरांत हीच पद्धत आहे.

हे तेल म्हणजे आपल्या परिचयाचे रॉकेलच. तेथील व्यवहारात त्याला ‘२८ सेकंद तेल’ म्हणतात. ठरावीक तापमानाला ५० मिलिलिटर तेल लहान छिद्रातून वाहून जाण्यास किती सेकंद लागतात, यावरून हे नाव पडले. ‘३५ सेकंद तेल’ डिझेलच्या जातीचे व अधिक दाट असते. कडक थंडीत त्यात मेणाचे कण धरतात. रॉकेल मात्र प्रवाही राहते. उघड्यावरील टाकीसाठी हा गुण महत्त्वाचा ठरतो.

टाकीतील तेल नळीवाटे बॉयलरकडे येते. तेथे पंपाच्या दाबाने त्याचे बारीक तुषार होतात, ठिणगीने ते पेटतात आणि तापलेले पाणी खोल्यांतील रेडिएटरमधून फिरते. एक लिटर तेलातून सुमारे १० युनिट उष्णता मिळते. तिचा काही भाग धुराड्यावाटे वाया जातो. त्याबरोबर सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो.

खरी अडचण पैशाची आहे. वायूचे देयक वापरानुसार, हप्त्याहप्त्याने भरता येते. तेल मात्र आधी विकत घ्यावे लागते आणि टँकरने मागवायचे तर साधारणतः ५०० लिटर एकदम. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मार्चमध्ये दर लिटरला एक पौंडाच्या वर गेला. म्हणजे एका खेपेला ५०० पौंडांहून अधिक रक्कम हाती हवी. ब्रिटनमध्ये वीज व वायूच्या दरांना तेव्हा कमाल मर्यादा होती, तेलाच्या दराला नव्हती. उत्तर आयर्लंडमधील कुटुंबांना २०२३ च्या आरंभी ६०० पौंडांचे सरकारी साहाय्य मिळाले. त्यातील ४०० पौंड विजेसाठी व २०० पौंड अन्य इंधनासाठी होते.

एवढी रक्कम ज्यांच्याकडे नसते ते पेट्रोल पंपावरून २० लिटरचे डबे आणतात. त्यांना लिटरमागे दर अधिक पडतो. ऊब तीच, पण ज्याच्याकडे पैसा कमी त्याला ती महाग. काही नगरपालिकांनी यावर तिकिटांची बचत योजना काढली: दुकानातून जमेल तशी पाच-पाच पौंडांची तिकिटे घ्यायची आणि पुरेशी साठली की तेल विक्रेत्याला द्यायची. कोठे शेजारी एकत्र मागणी नोंदवून दर कमी करून घेतात. उन्हाळ्यात तेल बहुधा स्वस्त असते, पण त्याचा लाभ घेण्यासाठी उन्हाळ्यातच गाठीला पैसा हवा.

डब्यांवर दिवस काढणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. टाकी पूर्ण रिकामी झाली की तळातील गाळ नळीत ओढला जातो आणि नळीत हवा शिरते. त्यानंतर तेल ओतले तरी बॉयलर पेटत नाही. आधी हवा काढून टाकावी लागते. ज्याला ते जमत नाही त्याला कारागिराची वाट पाहत थंड घरात बसावे लागते, आणि त्याची मजुरी पुन्हा वेगळी.