भाड्याचं घर आणि अकरा महिने

तुम्ही घरभाडं किती देता, असं विचारलं की माणूस पटकन एक आकडा सांगतो. पाच हजार, आठ हजार, बारा हजार. मीही तीस वर्षं असाच आकडा सांगत आलो. पण घरात खर्चाची वही बायको लिहिते. एकदा तिने वही पुढे सरकवली आणि म्हणाली, "हा तुमचा आकडा खोटा आहे." त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

मी राहतो विठ्ठलवाडीला. मध्य रेल्वेवर कल्याण सोडलं की कर्जतच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन. कल्याणला निम्मी गाडी उतरते आणि उरलेल्यांना पाय टेकायला जागा मिळते, तोवर आमचं स्टेशन येतं. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. सोलापूरहून मी मुंबईत आलो तो मशीद बंदरच्या एका छापखान्यात प्रूफं तपासायला. राहायला भायखळ्यात मामांकडे. लग्न ठरलं १९९५ मध्ये आणि मग खोली शोधणं आलं. पगार होता चोवीसशे रुपये. एवढ्या पगाराचा माणूस घर कुठे घेईल, हे तो ठरवत नाही. त्याचा पगार ठरवतो.

यामागे एक साधं शास्त्र आहे. फॉन थ्यूनेन नावाचा एक जर्मन जमीनदार होता. त्याने १८२६ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि त्यात दाखवलं, की बाजारापासून जसजसं दूर जावं तसतसा जमिनीचा खंड उतरत जातो. कारण माल बाजारात नेण्याचा खर्च वाढत जातो. तो शेतीबद्दल बोलत होता. आपण लोकलच्या स्टेशनांची यादी डोळ्यांपुढे आणावी. दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी, बदलापूर. मधली उंचसखल जागा सोडली, तर गाडी पुढे सरकते तसं भाडं खाली येतं. आपला माल म्हणजे आपण स्वतः, आणि तो आपण रोज बाजारात नेतो, रोज परत आणतो.

आता गंमत अशी, की लोकलचा महिन्याचा पास आजही काही शे रुपयांत मिळतो. त्यामुळे वाटतं, लांब राहणं स्वस्त. पण खर्च पैशात होत नाही, तो वेळेत होतो. विठ्ठलवाडी ते सीएसएमटी जलद गाडीने सव्वा तास. दोन्ही बाजूंचं चालणं, गाडीची वाट पाहणं धरलं तर जाऊन-येऊन साडेतीन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरा. साडेसत्त्याऐंशी तास झाले. आठ तासांची पाळी धरली तर जवळजवळ अकरा पाळ्या. म्हणजे मी महिन्याला अकरा पाळ्या बिनपगारी काम करतो, केवळ स्वस्त घरात झोपता यावं म्हणून. आणि मुलगी लहान असताना मी तिला जागी पाहिलं ते फक्त रविवारी.

मुंबईत भाड्याची घरं इतकी दुर्मीळ का झाली, याचीही एक गोष्ट आहे. एके काळी हे शहर भाडेकरूंचंच होतं. चाळी भाड्यासाठीच बांधल्या जात. १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची. मग दुसरं महायुद्ध आलं. भाडी भडकू नयेत म्हणून नियंत्रण आलं आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. हेतू चांगला होता. फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, त्यांना कुणी लुबाडू नये. पण ती भाडी पुढची पन्नास वर्षं तशीच राहिली. मालकाला भाड्यातून इमारतीचा रंगही परवडेना. त्याने डागडुजी थांबवली, नवी चाळ बांधणारा उरला नाही, आणि जुनी खोली बदलायची तर हातावर पागडी ठेवायची ही रीत पडली. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं न्याय्य नाही असं म्हटलं आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा त्यात मिळाली.

परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक सर्वेक्षणात म्हटलं आहे, की देशातल्या शहरांमध्ये भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. एकीकडे माणसं घराविना, दुसरीकडे घरं माणसांविना. मालकाला भीती, की शिरलेला माणूस निघणार नाही. भाडेकरूला भीती, की कधी काढतील कळणार नाही. दोघांच्या भीतीमध्ये कुलूप लटकतं.

या भीतीतूनच अकरा महिन्यांचा करार जन्माला आला. कायद्याने 'भाडेकरू' आणि 'परवानाधारक' हे दोन वेगळे प्राणी आहेत. भाडेकरूला घरात राहण्याचा हक्क असतो. परवानाधारकाला फक्त परवानगी असते, ती संपली की तो उठला. इंग्रजीतून आलेला 'लीव्ह अँड लायसन्स' हा शब्द आपण सगळे वापरतो, पण त्याचा अर्थ 'आपण बसा, पण पाहुण्यासारखे बसा' इतकाच आहे. मुदत संपून बसून राहिलात तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. आणि अकराच महिने का? तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळायला लोकांनी एक महिना कापला. महाराष्ट्रात मात्र २००० पासून ही पळवाट बुजली आहे. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मला हे कळायला अकरा वर्षं आणि एक घर खर्ची पडलं.

ते घर असं. १९९५ मध्ये मी खोली शोधत होतो तेव्हा दलाल आधी भाडं सांगायचा, मग नाव विचारायचा. नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेली' असायची. सकाळी रिकामी असलेली खोली माझ्या नावाने दुपारपर्यंत भरून जायची. मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींना दोन वर्षंच झाली होती. पुष्कळ कुटुंबं मुंब्र्याकडे जात होती, मलाही तोच सल्ला मिळाला. यात रागावण्यापेक्षा हिशेब समजून घ्यावा. शंभर खोल्यांपैकी वीसच तुमच्यासाठी उघड्या असतील, तर त्या विसांचं भाडं चढणारच. भाड्यावर हा नावाचा अधिभार असतो, पावती त्याची मिळत नाही. घटनेचं पंधरावं कलम सरकारला भेदभाव करू देत नाही, पण खासगी घरमालकाने घर कोणाला द्यावं यावर थेट बंधन घालणारा कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये तर एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला. आणि हा अधिभार माझ्याच नावाला आहे असंही नाही. एकटी राहणारी बाई, मांसाहार करणारा, एखाद्या आडनावाचा माणूस, सगळे तो भरतात.

शेवटी खोली दिली ती उल्हासनगरच्या एका वृद्ध सिंधी बाईंनी. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधले निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. बाई लहानपणी त्याच बराकीत आल्या होत्या. त्यांनी नाव ऐकलं, बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "मटण बनवतेस ना? मग वाटीभर आम्हाला पण दे. भाडं पाच तारखेच्या आत." भाडं सहाशे, डिपॉझिट पंधरा हजार. कागद काही नाही. त्यांच्या शब्दापुढे कागद मागणं मला पाप वाटलं.

अकरा वर्षं राहिलो. बाई वारल्या. मुलांनी बराक पाडून इमारत बांधायची ठरवली आणि आम्हाला महिन्याची मुदत दिली. अपमान केला नाही, फसवलंही नाही, डिपॉझिटचे पंधरा हजार मोजून हातावर ठेवले. पण १९९५ चे पंधरा हजार म्हणजे माझा सहा महिन्यांचा पगार होता, आणि २००६ मध्ये तेवढ्यात नव्या खोलीचं निम्मं डिपॉझिटही होईना. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण बर्फासारखं, हातात येईपर्यंत वितळून. आमच्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. पाचशे रुपयांची पावती असती तरी बोलता आलं असतं. कायद्याने भाड्याची लेखी पावती मागण्याचा हक्क आहे. तो मैत्रीला बाधा आणत नाही, उलट मैत्री टिकवतो. हे मी उशिरा शिकलो.

आता वहीतला तो खोटा आकडा. समजा भाडं आठ हजार आणि डिपॉझिट पन्नास हजार. अकरा महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार झाले. दलालाला रिवाजाप्रमाणे एक महिन्याचं भाडं, आठ हजार. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने मानलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे सुमारे दोनशे तीस रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. सामान हलवायला टेम्पो तीन हजार. बेरीज एक लाखाच्या थोडी वर. अकराने भागलं तर नऊ हजार एकशे. मालक उपमीटर लावून विजेचा जादा दर घेतो तो वेगळा, टँकरचं पाणी वेगळं. सोसायटी 'भाडेकरू ठेवला' म्हणून मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते आणि मालक ते आपल्या माथी मारतो. २००१ पासून हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, हेही विचारून घ्यावं. पण मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. नोंदणीचा खर्च बाराशे-साडेबाराशे, तो वाचवायला लोक स्वतःचा एकमेव पुरावा सोडून देतात. आणि खरा खर्च घर बदलण्याचा आहे. त्याच घरात दोन-तीन वर्षांचा करार मिळत असेल, तर महिन्याला तीनशे रुपये जास्त देऊनही तो स्वस्त पडतो.

दुसरा प्रकार 'हेवी डिपॉझिट'चा. तीन लाख द्या आणि भाडं न देता राहा. आठ टक्के व्याज धरलं तर तीन लाखांचे वर्षाला चोवीस हजार, म्हणजे दरमहा दोन हजार. भाडं त्याहून बरंच जास्त असेल तरच हा व्यवहार आपल्या फायद्याचा. आमच्या अब्बांना तो पटायचा नाही, "हे सूदच झालं" म्हणायचे. दक्षिण कोरियात हीच रीत 'जॉन्से' या नावाने रुजलेली आहे. तिथेही अलीकडे मालक बुडाले तेव्हा हजारो तरुणांची आयुष्यभराची पुंजी अडकली. पैसे द्यायचेच तर ते करारात लिहिलेले आणि बँकेतून गेलेले असावेत.

आणि एक प्रश्न भाड्याआधी विचारावा. ही इमारत उभी राहील का? स्वस्त घर का स्वस्त आहे? ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्यावर बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरमध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, तिथेही जीव गेले. आम्ही तेव्हा तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होतो. पुढे आमच्या इमारतीलाही तपासणीची नोटीस लागली. मालकांची बैठक झाली, नवी इमारत झाल्यावर कोणाला किती चौरस फूट यावर रात्री बारापर्यंत वाद झाले. आम्ही परवानाधारक, जिन्यात उभे राहून ऐकत होतो. त्या कागदावर आमचं नाव नव्हतं, छत मात्र आमच्याच डोक्यावर होतं.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. घर केवढं? १६० चौरस फूट, बीडीडी चाळीतल्या खोलीएवढं. पुढे ती घरं बरीचशी प्रकल्पग्रस्तांसाठी आणि संक्रमण शिबिरांसाठी गेली. २०२१ मध्ये केंद्राने नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात घरासाठीचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने उचलला तरच तो कायदा.

माझी मुलगी आता ऐरोलीला नोकरी करते. गेल्या महिन्यात ती आणि तिची मैत्रीण घर शोधत होत्या. दलालाने पहिला प्रश्न विचारला, "नाव काय?" तिने घरी येऊन तो हसत सांगितला. मला हसू आलं नाही. तीन आठवड्यांनी घर मिळालं. करार नोंदवायला तिने मला बरोबर नेलं. यंत्रावर अंगठा ठेवला, फोटो निघाला, छापील कागदावर मालकाचं नाव वर आणि तिचं खाली. मी प्रूफ तपासावं तसा तो कागद शब्द न् शब्द तपासला. डिपॉझिटचा आकडा, मुदत, नोटिशीचा महिना. एकही चूक नव्हती.

आमचा स्वतःचा करार येत्या मे महिन्यात संपतो. हे आमचं सहावं घर. बायकोने पुस्तकांची एक पेटी मागच्या वेळची दोरी न सोडताच पलंगाखाली ठेवली आहे. परवा मला त्यातलं एक पुस्तक हवं होतं. ती म्हणाली, "आता राहू द्या. नव्या घरी काढू."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)