घरी रुग्णसेवेसाठी माणूस ठेवताना काय बघावं?

जळकोट तालुक्यातली आपली कितीतरी मुलं आज पुण्यात, हैदराबादला कामाला आहेत. गावात उरलेत आई-वडील. एका सकाळी फोन येतो, "बापाला लकवा मारला." उदगीर किंवा लातूरला आठ-दहा दिवस दवाखाना होतो, सुट्टी मिळते आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो: घरी बघायचं कोणी? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. सून, नाहीतर कॉलेज सोडायला लावलेली मुलगी. तसं नको असेल तर माणूस ठेवावा लागतो, आणि तो कसा निवडायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

निदान आपल्याला तरी असं म्हणता येऊ नये. विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची हकीकत आहे. तथागतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं, दोघांनी उचलून त्याला मंचावर निजवलं. हा प्रसंग आपण भाषणात सांगतो. पण तिथेच पुढे चांगल्या सेवकाचे पाच गुण दिलेत, ते आपण वाचतच नाही. औषध तयार करून देता येणं, काय मानवतं आणि काय नाही हे कळणं, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणं, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस नसणं, आणि वेळोवेळी धम्म सांगून रुग्णाला उभारी देणं. मुलाखतीला याहून चांगली यादी मला तरी सापडलेली नाही.

पहिल्या दोन गुणांत आपण सगळ्यात जास्त फसतो. माझ्या वडिलांसाठी एका ब्युरोने 'सिस्टर' म्हणून जी मुलगी पाठवली, ती प्रत्यक्षात चार दिवसांपूर्वी कामाला लागलेली होती. तिचा दोष नव्हता, तिला कोणी काही शिकवलंच नव्हतं. पंधरा दिवसांत वडिलांच्या माकडहाडावर जखम झाली. तेव्हापासून मी एक भेद पक्का लक्षात ठेवते. सिस्टर म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये. अंघोळ, जेवण, कपडे, कूस बदलणं यासाठी प्रशिक्षित मावशी किंवा मामा पुरतात, पण इंजेक्शन देणं, नाकातली नळी किंवा कॅथेटर बदलणं हे त्यांचं काम नाही. ते करायला लावूही नये.

कागद बघून झाले की साधे प्रश्न विचारा. कूस किती वेळाने बदलता? "दर दोन तासांनी" असं उत्तर आलं पाहिजे. घास भरवताना ठसका लागला तर? बसतं करून, छोटा घास, ठसका आला की थांबणं. आडवं निजवून पाणी पाजणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी नको. आधारकार्ड, आधीच्या दोन घरांचे फोन नंबर आणि पोलिस पडताळणी ही कामं आधीच उरकावीत. पहिले दोन-तीन दिवस घरातलं कोणीतरी सोबत असावं.

किळसेचा मुद्दा आपल्यासाठी फक्त मलमूत्राचा नाही. आपल्या बायका दुसऱ्यांच्या घरी हे काम करायला जातात तेव्हा आधी आडनाव विचारलं जातं. आणि आपल्या घरी आलेला माणूस रुग्णाला हात लावतो पण घरातलं पाणी पीत नाही, असंही मी पाहिलंय. अशा हातांचा स्पर्श आजारी माणसाला कळतो. म्हणून पहिल्याच दिवशी चहा पुढे करा.

लोभ नको याचा अर्थ पगार कमी द्या असा नाही. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं स्पष्ट आहेत: शक्तीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारात काळजी, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी. बाबासाहेब मजूर मंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. मग आपल्याच ओट्यावर एक बाई चोवीस तास जागी कशी ठेवायची? रात्री वारंवार उठावं लागत असेल तर दोन माणसं लागतात, किंवा रात्रपाळी घरच्यांनी घ्यावी. ब्युरोमार्फत घेत असाल तर त्यांचं कमिशन किती, बाईच्या हातात किती पडतात, आणि ती आजारी पडली तर बदली कोण देणार, हे लिहून घ्या.

पैशाची गणितं अवघड आहेत. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये यात कुठेच पुरत नाहीत, आणि आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, घरच्या मावशीच्या पगाराला नाही. पण राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेट देणं आणि घरच्यांना सेवा शिकवणं धरलेलं आहे. उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात जाऊन ती भेट मागा. दाद लागली नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. गावातल्या युवक मंडळाने तालुक्यातल्या अशा रुग्णांची नावं एकत्र लिहून नेली तर एकट्यादुकट्यापेक्षा लवकर ऐकलं जातं.

आणि पुण्यात असलेल्यांना एक सांगणं. व्हिडिओ कॉलवर "कसे आहेत बाबा?" एवढंच विचारू नका. आठवड्यातून दोनदा मावशींना सांगा, बाबांना कुशीवर करा आणि पाठ दाखवा. दाबल्यावरही न जाणारा लाल डाग दिसला, तर त्याच दिवशी गावातल्या कोणाला तरी डॉक्टरकडे पाठवा.