हजार गणितं आणि एक चेंडू

"इंटरच्या दोन वर्षांत हजार-दीड हजार गणितं घासून काढ, फिजिक्स आपोआप येईल." हैदराबादेत काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत, मराठी घरांत आणि तेलुगू घरांतही, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देताना माझा आवाज चढतो.

इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, एमपीसी (गणित, फिजिक्स, केमिस्ट्री) घेतलेल्या मुलाला विचारून बघा. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, किती वेळात थांबेल? g म्हणजे १० धरून उत्तर लगेच येतं: २ सेकंद. आता विचारा, अगदी वरच्या टोकाला त्वरण किती? पुष्कळजण बिनदिक्कत सांगतात, "शून्य." अरे, आत्ताच समीकरणात १० घातलेस ना, ते गेले कुठे? शून्य झाला तो वेग. त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच अधांतरी लटकून राहिला असता!

हा माझा वैयक्तिक राग नाही. किम आणि पाक या कोरियन संशोधकांनी २००२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये २७ विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. या मुलांनी आधी ३०० ते २९००, सरासरी १५०० च्या आसपास गणितं सोडवली होती. सूत्रं आणि आकडेमोड यांत फारशी अडचण नव्हती. बल आणि गती यांबद्दलचे नेहमीचे गोंधळ मात्र जसेच्या तसे होते. किती गणितं सोडवली आणि किती समजलं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध दिसला नाही.

असं का होतं? कारण शंभरावं गणित आपण बहुधा सोडवत नाही, ओळखतो. ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की नवशिके गणितांची वाटणी 'उताराचं', 'स्प्रिंगचं' अशी चित्र बघून करतात. जाणकार मात्र 'इथे ऊर्जा अक्षय्य राहते' अशी, तत्त्व बघून. ज्याला अजून सगळे एमसेटच म्हणतात त्या ईएपीसेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत १८० मिनिटांत १६० प्रश्न असतात. तिथे साचा ओळखण्याचा वेग कामाला येतो, हे कबूल. सराव हवाच. पण वेग म्हणजे समज नव्हे, आणि हा फरक इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्सचा पेपर दाखवून देतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

सोडवलेलं उदाहरण बघणं म्हणजे कॉपी: नाही. नवशिक्याला त्याचा फायदाच होतो, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं. अट एकच, प्रत्येक पायरी 'का' ते स्वतःला सांगायचं.

आकृती काढण्यात वेळ जातो: जातो, अर्धं मिनिट. न काढता चुकलेली दिशा शोधण्यात पाऊण तास जातो.

एककं शेवटी लावली तरी चालतं: नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' १९९९ मध्ये पाउंड आणि न्यूटन यांच्या घोळातच गमावलं.

इंग्रजीत विचार केल्याशिवाय विज्ञान येत नाही: हे निदान हैदराबादेत तरी बोलू नका. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञानच काय, इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवलं.

मग करायचं काय? गणित सुटलं की लगेच पान उलटू नका. त्याच गणिताला एक प्रश्न विचारा. आपला चेंडू २० मीटर उंच जातो. वेग दुप्पट केला, तर पन्नासेक मीटर उंच चारमिनारच्या वर जाईल का? "दुप्पट म्हणजे ४० मीटर, नाही जाणार," असं मनात आलं असेल तर थांबा. उंची वेगाच्या वर्गावर ठरते. हवेचा अडथळा सोडला, तर चेंडू ८० मीटर जाईल, मिनारांच्या बराच वर. हे का, ते धाकट्या बहिणीला सूत्र न लिहिता समजावता आलं, की त्या दिवसापुरतं एक गणित पुरे.