नाही म्हणावं तर चालतोय!

ऑफिसच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या शेजारीशेजारी उघडायच्या. दोन्हींत एकच आज्ञा द्यायची: सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधलं अमुक सॉफ्टवेअरचं फोल्डर दाखव. पहिली खिडकी सांगते, ‘फाइल नॉट फाउंड’. दुसरी मात्र त्याच डिस्कवर, त्याच पत्त्यावर फाइलींची भलीमोठी यादी काढून दाखवते. संगणक बिघडलेला नाही. दुसरी खिडकी एका व्हर्च्युअल पॅकेजच्या आत उघडली आहे, इतकंच. मायक्रोसॉफ्टच्या ॲप-व्ही या तंत्रातला हा रोजचा चमत्कार आहे.

याची गरज का पडली? विंडोजवर प्रोग्राम इन्स्टॉल करायचा म्हणजे त्याचा पसारा मांडायचा. काही फाइली इथे, काही सिस्टीमच्या सामाईक फोल्डरमध्ये, शेकडो नोंदी विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत. १९९०च्या दशकात दोन प्रोग्रामना एकाच सामाईक डीएलएल फाइलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागायच्या. नंतर आलेला आधीच्याची फाइल पुसून आपली ठेवायचा, आणि काल चालणारं आज बंद पडायचं. ‘डीएलएल हेल’ हे नाव लोकांनी वैतागूनच ठेवलं. हजारो संगणकांच्या कंपनीत एका विभागाला जुना जावा हवा आणि दुसऱ्याला नवा, म्हणजे आयटीवाल्यांची झोपच उडाली. बॉस्टनच्या सॉफ्ट्रिसिटी कंपनीने यावर ‘सॉफ्टग्रिड’ काढलं. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली आणि सॉफ्टग्रिडचं पुढे ॲप-व्ही झालं. २००८मध्ये व्हीएमवेअरने थिनस्टॉल कंपनी घेऊन याच धर्तीचं ‘थिनॲप’ आणलं.

यामागची कल्पना ऐकायला साधी आहे. प्रोग्रामला डिस्क कधी दिसतच नाही. तो फक्त विचारतो: ही फाइल आहे का? रजिस्ट्रीत या नोंदीची किंमत काय? विंडोज उत्तर देतं आणि प्रोग्राम त्यावर निमूट विश्वास ठेवतो. मग प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये जो उभा राहील, तोच त्या प्रोग्रामचं जग ठरवणार! ॲप-व्ही नेमकं तिथे उभं राहतं. प्रश्न आला की आधी पॅकेजमध्ये शोधायचं, तिथे नसेल तर खऱ्या संगणकावर. प्रोग्रामला वाटतं आपण ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये आहोत. त्याच्या फाइली प्रत्यक्षात ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरमध्ये, लांबलचक क्रमांकाच्या नावाखाली पडलेल्या असतात. प्रत्येकाची शिदोरी ज्याच्या त्याच्याजवळ, त्यामुळे दोन जावा एकाच पडद्यावर शेजारीशेजारी सुखाने चालतात.

असं पॅकेज बनवायच्या कामाला सिक्वेन्सिंग म्हणतात. पॅकेजर एक कोरं व्हर्च्युअल मशीन घेतो, सिक्वेन्सर सुरू करतो आणि त्याच्या देखरेखीखाली प्रोग्राम नेहमीसारखा इन्स्टॉल करतो. कुठली फाइल कुठे पडली, रजिस्ट्रीत काय बदललं, सगळं टिपलं जातं. मशीन कोरंच का हवं? एखादी रनटाइम लायब्ररी त्यावर आधीपासून असेल, तर इन्स्टॉलर ती पुन्हा टाकत नाही, म्हणून सिक्वेन्सरला ती दिसत नाही. पॅकेज पॅकेजरकडे झकास चालतं आणि दुसऱ्याच्या टेबलावर पोचल्या क्षणी कोसळतं. म्हणून प्रत्येक पॅकेजनंतर मशीन आधी घेतलेल्या कोऱ्या स्नॅपशॉटवर परत न्यायचं. अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट तेवढ्यापुरते बंद ठेवायचे, नाहीतर त्यांचा कचराही पॅकेजमध्ये शिरतो. प्रोग्रामचं स्वतःचं ऑटो-अपडेटही बंद करायचं. आवृत्ती कधी बदलायची हे कंपनीने ठरवायचं असतं, प्रोग्रामने नव्हे.

हाती येते ती .ॲपव्ही फाइल. तिचं एक्स्टेन्शन बदलून .झिप करा, ती सरळ उघडते! आत रजिस्ट्रीची एक फाइल, एक्सएमएलमधली मॅनिफेस्ट आणि ‘व्हीएफएस’ नावाचं फोल्डर. त्या फोल्डरमध्ये ‘प्रोग्रामफाइल्सएक्स८६’सारखी उपफोल्डरं असतात, म्हणजे विंडोजच्या डिस्कची छोटी प्रतिकृतीच.

वाटपात आणखी एक गंमत आहे. सर्व्हरवर पॅकेज अमुक ग्रुपला द्यायचं ठरवलं, की त्या ग्रुपमधल्या माणसाने लॉगिन करताच त्याच्या स्टार्ट मेन्यूत आयकॉन येतो. प्रोग्राम मात्र अजून आलेलाच नसतो. पॅकेजच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज पाहाव्यात: ‘साइझ’ पुढे शेकडो एमबी आणि ‘साइझ ऑन डिस्क’ पुढे जेमतेम काही. फाइली नावापुरत्या आहेत, आत पोकळ. आयकॉनवर क्लिक केलं की सुरुवातीला लागणारा भाग नेटवर्कवरून आधी येतो. कोणता भाग आधी लागतो, हे पॅकेजरने सिक्वेन्सिंगच्या वेळी प्रोग्राम चालवून नोंदवून ठेवलेलं असतं. उरलेलं मागाहून किंवा हात लावाल तसं येतं.

आणि प्रोग्रामने स्वतःच्याच फोल्डरमध्ये काही लिहिलं तर? मूळ पॅकेजला धक्का लागत नाही. त्या फाइलची प्रत त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये निघते आणि बदल तिच्यात होतो. काही बिघडलं तर तेवढी प्रत पुसायची, प्रोग्राम पुन्हा पहिल्यासारखा. एकमेकांशी बोलायची गरज असलेली पॅकेजेस, समजा एक्सेल आणि त्याचं ॲड-इन, ‘कनेक्शन ग्रुप’मध्ये टाकली की त्यांना एकमेकांच्या फाइली दिसू लागतात.

मग सगळंच असं का गुंडाळत नाहीत? कारण ही उत्तरांची अदलाबदल प्रोग्रामच्या पातळीवर चालते. हार्डवेअरचा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस थेट विंडोजच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी बोलतो, आणि इथे कर्नल सगळ्यांचा मिळून एकच. व्हर्च्युअल मशीनला स्वतःची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम असते, या पॅकेजला नसते. तेच त्याचं हलकेपण आणि तीच त्याची मर्यादा.

ॲप-व्हीच्या सर्व्हरच्या सपोर्टची मुदत मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२६पर्यंतच ठेवली. मायक्रोसॉफ्टच्याच, २०१८मध्ये जाहीर झालेल्या एमएसआयएक्स या नव्या पॅकेज-प्रकारात मात्र ‘व्हीएफएस’ फोल्डर तसंच आहे. शिवाय प्रत्येक फाइलचे ६४ केबीचे तुकडे पाडून त्यांच्या हॅशची यादी पॅकेजसोबत येते. नवी आवृत्ती आली की बदललेले तुकडेच डाउनलोड होतात. आता तर ‘ॲप अटॅच’ या पद्धतीत प्रोग्रामची अख्खी डिस्क इमेज लॉगिनच्या वेळी जोडली जाते आणि काम संपलं की काढून घेतली जाते.

इन्स्टॉल करणं ही पूर्वी एक घटना होती. ती होऊन गेली की तिचा माग काढणं अवघड, ती पुरती मागे घेणं त्याहून अवघड. या तंत्राने त्या घटनेची वस्तू केली. वस्तू मोजता येते, पाठवता येते, बदलून देता येते आणि मुख्य म्हणजे मागमूस न ठेवता परत घेता येते. प्रोग्राम फक्त उत्तरांवर जगतो, हे ज्यांनी ओळखलं त्यांनाच हे सुचलं.