विंचवाचा दंश, हृदयावर घाला

यवतमाळच्या शेतात दगड उचलताना किंवा घरी सरपण ओढताना विंचू चावला, तर डोळे आधी जखमेकडे जातात. लाल विंचवाच्या विषाचा खरा धोका मात्र हृदयाला असतो. हे महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरांनी जगाला दाखवून दिले.

संशोधक : डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म जालना जिल्ह्यात, वैद्यकीय शिक्षण नागपुरात. सत्तरच्या दशकात रायगडमधील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू. 2022 मध्ये पद्मश्री.

कारण : विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा उसळतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते.

उपचार : आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावरचे स्वस्त औषध प्राझोसिन. त्याविषयीचे निष्कर्ष 1986 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. पूर्वी गंभीर दंश झालेल्यांपैकी 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत. या औषधानंतर ते प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले.

पुढचे पाऊल : महाडमधील 70 रुग्णांवरील चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले 91 टक्के रुग्ण 10 तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर 23 टक्के.

धोक्याच्या खुणा : उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, धाप. मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. बूट झटकूनच पायात घाला.